आरसी पाणबुडीचा ट्रिम दर रविवारी बिघडतो? शिशाला हात लावायच्या आधी हवा शोधा

आरसी म्हणजे रिमोटवर चालणारी, आणि ट्रिम म्हणजे बोट पाण्यात किती खोल आणि किती सपाट बसते तो तोल. लक्षण असं. शनिवारी संध्याकाळी घरच्या हौदात बोट झकास बसते, बुडण्यासाठी पाणी घेणारी टाकी भरली की फिनचं (पाठीवरच्या उभ्या मनोऱ्याचं) टोक तेवढं बोटभर पाण्यावर, नाक-शेपूट एका रेषेत. रविवारी तीच बोट, तीच बॅटरी, शेततळ्यात सोडली की नाक वर करून बसते, खाली जायलाच तयार नाही. आपण चडफडत नाकात दोन पट्ट्या शिसं चिकटवतो, जमतं, खूश होऊन घरी येतो. पुढच्या रविवारी बोट थेट तळाला. मग शिसं काढायचं. मग परत लावायचं. माझ्याकडे हे चार महिने चाललं आणि शेवटी हिशोब केला तेव्हा नाकात १४० ग्रॅम शिसं जमा झालं होतं, त्यातलं ९५ ग्रॅम फुकटचं होतं.

आधी बोटीबद्दल थोडं, म्हणजे पुढचे आकडे कळतील. बोट आपली कलवरी, १/७२ स्केल. खरी ६७.५ मीटर लांब, मुंबईला माझगाव डॉकमध्ये बांधलेली, १४ डिसेंबर २०१७ ला नौदलात आली. ७२ ने भागलं की साधारण ९४ सेंमी. हल, म्हणजे बाहेरचं कवच, पीएलए प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट केलेला आणि त्याच्या आत पाणी मोकळं खेळतं, कोरडी फक्त मधली अक्रेलिकची नळी, ७५ मिमी व्यास, ५५ सेंमी लांब, त्यात मोटर, बॅटरी, रिसीव्हर सगळं. खऱ्या बोटीचं पाण्याखालचं विस्थापन सुमारे १७७५ टन, त्याला ७२ च्या घनाने भागलं तर पावणेपाच किलो येतात, पण माझी बोट काट्यावर सव्वातीन किलोच भरते, कारण उरलेला दीड किलो म्हणजे आत शिरलेलं पाणी. सगळी गंमत तिथेच आहे. जिथे पाणी शिरायला पाहिजे तिथे हवा राहिली की तुमचा ट्रिम खोटा.

टाकी म्हणजे नळीच्या मधल्या भागात बसवलेली मेडिकलमधली सलाइनची पिशवी, ३०० मिली पाणी घेते, पेरिस्टाल्टिक पंपाने भरते आणि रिकामी होते. तुमच्याकडे पिस्टन टाकी असेल नाहीतर गॅसवाली असेल तरी पुढचं बहुतेक सगळं लागू आहे.

आता मुद्द्याचं. ट्रिम "बिघडतो" म्हणजे नक्की केव्हा बिघडतो ते आधी बघा, तिथूनच अर्धं निदान होतं. पाण्यात सोडल्या सोडल्या हलकी वाटते आणि जरा हलवली की जड होते, तर अडकलेले बुडबुडे. सुरुवातीला बरोबर, वीस मिनिटांनी एक टोक हळूहळू खाली, तर कुठेतरी पाणी मुरतंय किंवा गळतंय. वर बरोबर पण मीटरभर खाली गेली की सुटते ती थेट तळाला, तर आत दबणारं काहीतरी आहे, हवा नाहीतर मऊ फोम. आणि थांबलेली असताना बरोबर पण चालवली की नाक वर-खाली, तर तो ट्रिमचा प्रश्नच नाही, प्लेनचा (नाक वर-खाली वळवणाऱ्या आडव्या पंखांचा) आहे, त्यासाठी शिसं उचलू नका.

बुडबुड्यांचं जरा सविस्तर सांगतो कारण दहातल्या सात वेळा हेच असतं, निदान माझ्याकडे तरी. मी ते ज्या दिवशी पकडलं तो दिवस मेव्हण्याच्या शेततळ्यावरचा, जुन्नरकडं. वैतागून बोट पाण्याखालीच हातात धरून पूर्ण उलटी केली, फिन खाली आणि तळ वर. आधी काहीच नाही. मग नाकाच्या बाजूने एक मोठा बुडबुडा ढब्बकन बाहेर आला, आणि त्यामागे तळाच्या भोकांतून बारीक बारीक माळच लागली, संपेचना. ती थांबल्यावर बोट सरळ केली आणि हात सोडला, तर टाकी भरलेली बोट सरळ खाली. तीन मीटर पाणी. दोरी बांधली होती म्हणून वाचली. मेव्हणा बांधावर उभा, म्हणतो, "दाजी, ही बोट आहे का दगड?" दगडच होता तो, माझंच ९५ ग्रॅम शिसं.

हवा अडकते कुठे? फिनच्या छताखाली, डेकच्या आतल्या बाजूला दोन फ्रेमच्या मध्ये, नाकाच्या वरच्या गोलाईत, आणि शेपटीच्या शंकूत शाफ्टच्या वर. आपण पाणी शिरायला तळाला भोकं पाडतो आणि समाधानाने बसतो, पण पाणी आत यायचं तर हवेला वरून बाहेर जायला वाट हवी, आणि ती प्रत्येक कप्प्याच्या सगळ्यात उंच जागी हवी, जवळपास कुठेतरी असून चालत नाही. मी डेकवर १.५ मिमीची भोकं पाडली होती, दिसायला छान, कामाला शून्य, कारण एवढ्याशा भोकात पाण्याचा पातळ पडदा धरतो आणि हवा आतच राहते. ३ मिमी केली, फिनच्या माथ्यावर पेरिस्कोपच्या बुडाशी दोन पाडली, आणि आतल्या प्रत्येक फ्रेमच्या वरच्या कडेला अर्धगोल खाच घेतली, म्हणजे हवा एका कप्प्यातून दुसऱ्यात सरकत सरकत भोकापर्यंत पोचते.

आणि हौदात बरोबर असून शेततळ्यात का बिघडायचं, तेही तेव्हाच कळलं. हौदात मी बोट हाताने दाबून, तिरकी करून, खेळत खेळत बुडवायचो, त्यात बरीचशी हवा निघून जायची. शेततळ्यात काठावरून अलगद सोडायचो, हवा तशीच. म्हणून आता बोट सोडायची पद्धत ठरलेली आहे, पाण्याखाली धरायची, नाक वर करून दहा आकडे, शेपूट वर करून दहा आकडे, मग पूर्ण उलटी, मग सरळ. त्याआधी ट्रिमबद्दल एक शब्द बोलायचा नाही. घरी हौदात टेस्ट करत असाल तर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, पाण्याचा ताण कमी होतो आणि फोमला, तारांना चिकटून बसलेले बारीक बुडबुडे सुटतात. नळाचं ताजं पाणी भरलं असेल तर तासाभराने पाण्यातलीच हवा सुटून हलवर बारीक मण्यांसारखी बसते, ती ब्रशने पुसून घ्या. क्षुल्लक वाटतं, पण सगळं मिळून काही ग्रॅम होतात आणि आपण भांडतोय तेवढ्याच ग्रॅमवर.

बुडबुडा नुसता हलकेपणा देऊन गप्प बसत नाही, खोलीप्रमाणे आकार बदलतो. वर ५० मिली असलेली हवा १ मीटरवर साधारण साडेपंचेचाळीस मिली होते, २ मीटरवर ४२. म्हणजे वर काटेकोर ट्रिम केलेली बोट २ मीटरवर ८ ग्रॅम जड. जड झाली की आणखी खाली, खाली गेली की आणखी जड. आपल्याला वाटतं पंप अडकला.

मऊ फोमचंही हेच. पार्सलच्या खोक्यात येतो तो मऊ पांढरा ईपीई फोम वापरू नका, बोटाने दाबला जातो तसा पाण्यानेही दाबला जातो. साधा थर्माकोलही नको, दाण्यांच्या फटींतून हळूहळू पाणी पितो, एक तुकडा वजन करून रात्रभर पाण्याखाली दाबून ठेवा आणि सकाळी परत वजन करा, स्वतःच बघाल. निळा किंवा गुलाबी, कडक, बांधकामात इन्सुलेशनला लावतात तो एक्सपीएस घ्या. १०० मिली एक्सपीएस साधारण ९७ ग्रॅम उचलून धरतो, त्यामुळे हिशोबही सोपा.

आता पाणी मुरण्याबद्दल. प्रिंट केलेली बोट असेल तर हे वाचाच. माझ्या नाकाचा ठोकळा १५ टक्के इनफिलचा (प्रिंटच्या आतली जाळी) होता, म्हणजे आत बहुतेक हवाच. बाहेरून रंग मारलेला, छान गुळगुळीत, मी गृहीत धरलं की बंद आहे. बंद नव्हता. थरांच्या मधून पाणी शिरत होतं, इतकं हळू की टबातल्या दहा मिनिटांच्या टेस्टमध्ये कळायचंच नाही. शेवटी ठोकळा काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, १४८ ग्रॅम. बादलीत विटेखाली दाबून अर्धा तास ठेवला, पुसला, परत काट्यावर, १७०. कानाशी हलवला तर आत खुळखुळ. २२ ग्रॅम, आणि तेही नाकाच्या टोकाला, मध्यापासून चाळीस सेंमीवर! मग बोट वीस मिनिटांनी नाक खाली घालणार नाहीतर काय करणार.

यावर दोन उपाय. एकतर ठोकळ्याला खाली आणि वर भोकं पाडून पाणी मुद्दाम भरू द्यायचं, म्हणजे ते कायमचं पाणीच धरायचं आणि त्यावर ट्रिम करायचा. इनफिल गायरॉइड असेल तरच हे जमतं, कारण त्यात आतली जागा सगळी जोडलेली असते. ग्रिड असेल तर प्रत्येक कप्पा वेगळा, दोन भोकांनी काही होत नाही, तिथे पातळ एपॉक्सीचे दोन हात द्या नाहीतर पार्ट १०० टक्के भरीव परत प्रिंट करा. मला विचाराल तर भोकं बरी, एपॉक्सी कधीतरी कुठेतरी ठेचकाळते आणि परत पहिले पाढे पंचावन्न. रडर आणि प्लेनही तपासा, ते पोकळ असतात आणि नेमके शेपटीच्या टोकाला असतात.

नळीची गळती शोधायला काही महागडं लागत नाही. बाहेर पडताना बंद केलेली नळी काट्यावर ठेवा, आकडा वहीत लिहा, परत आल्यावर नीट पुसून परत ठेवा, आणि पिशवी रिकामी आहे याची खात्री करून. २ ग्रॅमचा फरक असला तरी गळतंय. दोन्ही टोकांना आत टिश्यूची एकेक घडी ठेवा, कुठली ओली होते ते बघा. माझ्यासारखी पिशवी नळीतच असेल तर आणखी एक भानगड असते. पिशवीत ३०० मिली पाणी आलं की नळीतल्या हवेला जागा कमी पडते आणि दाब वाढतो, माझ्या नळीत मोकळी हवा सव्वा लिटरच्या आसपास, म्हणजे दाब जवळपास एक तृतीयांशाने वर. शाफ्टचं सील जरा सैल असेल तर बुडालेली असताना तिथून बुडबुडे निघतात. तेव्हा पाणी आत येत नाही म्हणून आपण निर्धास्त. पण टाकी रिकामी केली की गेलेल्या हवेइतकी पोकळी आत तयार होते आणि त्याच फटीतून पाणी ओढलं जातं. म्हणजे गळती दिसते वर आल्यावर, घडते खाली असताना. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, आणि बसवताना त्यावर एखादा केस अडकला नाही ना ते उजेडात बघा. माझ्या एका गळतीचं कारण आमच्या मांजराचा केस होता.

हे सगळं झालं असेल, म्हणजे हवा काढली, मुरणं थांबवलं, गळत नाही, तरच ट्रिमला बसा. आणि इथे क्रम चुकला की आयुष्यभर गोल गोल फिरत बसाल.

तत्त्व एवढंच की शिसं कुठेही लावा, बोट वर असताना आणि खाली असताना दोन्ही वेळा ते खाली ओढतं. वॉटरलाइनच्या (तरंगताना पाणी जिथवर येतं त्या रेषेच्या) खालचा फोम दोन्ही वेळा वर उचलतो. पण वॉटरलाइनच्या वरचा फोम बोट तरंगत असताना हवेत असतो, काहीच करत नाही, आणि बुडाली की कामाला लागतो. म्हणून आधी टाकी रिकामी ठेवून तरंगता ट्रिम करायचा, वॉटरलाइनवर इन्सुलेशन टेपची पट्टी मारायची, आणि पाणी त्या पट्टीवर येईपर्यंत शिसं आणि पट्टीखालचा फोम एवढ्याच दोन गोष्टींशी खेळायचं. ते जमलं की त्यांना परत हात लावायचा नाही, अगदी हात शिवशिवले तरी. मग टाकी पूर्ण भरायची, आणि बुडालेला ट्रिम फक्त पट्टीच्या वरच्या फोमने करायचा. जड आहे, वरचा फोम वाढवा. नाक खाली जातंय, वरचाच फोम पुढे सरकवा. तरंगत्या ट्रिमला धक्का लागत नाही.

टाकी पूर्ण भरूनही बुडत नसेल तर तुमच्या वॉटरलाइनच्या वर टाकीच्या मापापेक्षा जास्त माल आहे, प्लास्टिक, फोम, जे काही असेल ते. वरचा फोम काढा, तो संपला तर फिनच्या आणि डेकच्या भिंती आतून घासून पातळ करा, नाहीतर मोठी टाकी. अशा वेळी शिसं लावलं तर बुडेल, नाही असं नाही, पण वर आल्यावर डेक पाण्यातच राहील.

शेवटची बारीक जुळणी करायला मी टायरवाल्याकडच्या चिकट पट्ट्या वापरतो, ५ आणि १० ग्रॅमच्या, पण आधी डेकवर स्टीलचे वॉशर ठेवून किती लागतात ते बघतो. फक्त लक्षात ठेवा, १० ग्रॅमचा वॉशर पाण्याखाली ८.७ ग्रॅमच वाटतो, आणि शिसं ९.१, त्यामुळे मोठा आकडा असेल तर त्याप्रमाणे कापा. शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, आणि ते काम ओट्यावर नको. पूर्ण न्यूट्रलच्या मागे लागू नका, टाकी भरल्यावर फिनचं टोक सेंटीमीटरभर वर राहील एवढी हलकी ठेवा आणि बाकी काम प्लेनवर सोडा, बॅटरी मेली तरी बोट वर राहते.

बॅटरीवरून आठवलं. माझी १८० ग्रॅमची लिपो बॅटरी नळीत वेल्क्रोवर होती आणि प्रत्येक चार्जिंगनंतर मी ती "साधारण तिथेच" ठेवायचो. ती २ सेंमी इकडे-तिकडे झाली तर ३६० ग्रॅम-सेंमीचा फरक पडतो, आणि बोटीचं वजनकेंद्र तरंगकेंद्राच्या फक्त १ सेंमी खाली असेल तर सव्वातीन किलोची बोट ६ अंशांपेक्षा जास्त कलते, म्हणजे ९४ सेंमीवर नाक आणि शेपटीत १० सेंमीचा फरक! आता पुढे-मागे दोन ठोकळे चिकटवलेत, बॅटरी त्यांच्यामध्येच बसते, दुसरीकडे बसूच शकत नाही. शिवाय शिसं जितकं तळाला आणि फोम जितका वर तितकं हे कलणं कमी, अंतर १ चं २ सेंमी झालं की कल निम्मा.

पिशवी अर्धवट भरून बोट मधेच कुठेतरी तरंगत ठेवायचा मोह टाळा. आतलं पाणी उताराकडे धावतं, नाक जरा झुकलं की सगळं पाणी नाकाकडे, मग ते आणखी झुकतं. पूर्ण भरा नाहीतर पूर्ण रिकामी. आणि पंप सेकंदांवर चालवत असाल तर तेही सोडा, मी ६० सेकंद धरले होते, बॅटरी उतरली की तेवढ्याच वेळात पाणी कमी यायचं आणि मी ट्रिमला शिव्या द्यायचो. पाणी मापाच्या भांड्यात काढून तीनदा मोजलं तेव्हा कळलं. आता पिशवी पूर्ण फुगली की पंप बंद करणारा स्विच लावलाय.

बोट आपोआप वर येत असेल तर त्याचंही खापर ट्रिमवर फोडू नका, रेडिओ बघा. २.४ गिगाहर्ट्झ पाण्यात टिकत नाही, ४० मेगाहर्ट्झसारखा जुना सेट लागतो, आणि सिग्नल तुटला की फेलसेफ टाकी रिकामी करतो, जे त्याचं कामच आहे. समुद्रात नेऊ नका, खाऱ्या पाण्यात तो जुना सेटही चालत नाही, आणि वर ८० ग्रॅमच्या आसपास जास्तीचं शिसं लागेल ते वेगळंच. खऱ्या पाणबुड्यांनाही हा त्रास चुकलेला नाही, माल-इंधन बदललं, पाणी बदललं की ट्रिम डाइव्ह (तोल जुळवायची बुडी) करून टाक्यांतलं पाणी परत जुळवावं लागतं, फक्त त्यांच्याकडे शिशाच्या पट्ट्यांऐवजी पंप आणि माणसं असतात.

राहता राहिलं ऊन. मला कुणीतरी सांगितलं होतं की उन्हाळ्यात पाणी पातळ होतं म्हणून बोट जड होते. गणित केलं, १५ अंशांवरून ३० अंशांवर गेलं तर सव्वातीन लिटरला ११ ग्रॅम येतात, बरोबर आहे. पण अक्रेलिक आणि पीएलएसुद्धा तापून फुगतात आणि त्यातले नऊएक ग्रॅम परत मिळतात, उरतात दोन. खरा घोळ वेगळाच. गाडीच्या डिकीत, उन्हात तापलेली ४५ अंशांची बोट २५ अंशांच्या पाण्यात सोडली की सुरुवातीला फुगलेली असते, मग पंधरा-वीस मिनिटांत आकसते आणि १२-१३ ग्रॅमने जड होते. वर नळीतली हवा थंड झाल्याने आतला दाब पडतो, बोट आणखी ६५ सेंमी खोल असल्यासारखा, आणि सैल सीलमधून पाणी ओढलं जातं ते वेगळं.

म्हणून आता शेततळ्यावर पोचलो की आधी बोट दोरीला बांधून काठाजवळ पाण्यात सोडून देतो. दोरी बोटीलाच नाही, माणसालाही पाहिजे, शेततळ्याच्या प्लास्टिकच्या कागदावर पाय घसरला तर पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही, एकट्याने जाऊ नका. मग मेव्हण्याच्या घरी चहा. चहा होईपर्यंत बोट पाण्याच्या तापमानाला येते, मग तिला नाक वर दहा आकडे, शेपूट वर दहा आकडे, उलटी, सरळ. गेल्या सहा रविवारांत पट्ट्यांचं पाकीट उघडावं लागलेलं नाही.